गाणे शिकणाऱ्या लेकींना हात द्या

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. घर, गुरे आणि शेत यांतून सवड काढून भजनात टाळ धरणारी. संगीताचे शास्त्र मला सांगता यायचे नाही. परंतु गाणे शिकायला पैसा लागतो आणि तो कोठून आणायचा, हा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला. माझ्या धाकट्या जावेची मुलगी पुण्याला विद्यापीठात संगीत घेऊन शिकत आहे. तिच्यासाठी जी विचारपूस आम्ही केली, ती इतरांच्या मुलींनाही उपयोगी पडावी म्हणून आज आपल्यापुढे ठेवते.

आपल्या काटेवाडीला गाणे नवे नाही. आषाढवारीत तुकोबारायांची पालखी येथे येते. परीट बांधव धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे रिंगण होते आणि टाळ-मृदंगाने सारी वाडी दुमदुमते. आपल्या पोरी हे ऐकतच मोठ्या होतात. म्हणून त्यांच्या गळ्यात सूर असला तर त्यात नवल नाही. नवल याचे, की तो सूर पुढे जातो कोठे?

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याला ठाऊक आहेत. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मग मध्यमा, मग विशारद आणि शेवटी अलंकार. मुली प्रारंभिक देतात, प्रवेशिका देतात. दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, तोवर घरचेही हौसेने क्लासला पाठवतात. दहावी झाली की पेटीवर फडके पडते. "आता अभ्यास कर, गाण्याने का पोट भरणार आहे?" असे आपणच म्हणतो. खरे सांगायचे तर आपल्याला गाण्याचा राग नसतो, खर्चाची भीती असते. क्लासची फी, परीक्षेची फी, बारामतीचे एस.टी. भाडे आणि पुढे पुण्याला गेली तर खोली आणि मेस. उसाच्या बिलावर चालणाऱ्या घराला ही भीती वाटणे साहजिक आहे.

पूर्वी गाणे कसे शिकत? गुरूच्या घरी राहून. पंडित भीमसेन जोशी यांनी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी पाणी भरले, हे सर्वांनी ऐकलेले आहे. पैसा नसेल तर सेवा हीच फी. पण भगिनींनो, ही सोय मुलाला होती. मुलीला परक्या घरी वर्षानुवर्षे कोण ठेवणार? गंगूबाई हनगल त्याच सवाई गंधर्वांकडे शिकल्या, पण त्यांना हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन पुन्हा घरी परतावे लागे. असा निग्रह एखादीच दाखवू शकते. बाकीच्यांसाठी काही रीतसर व्यवस्था हवी.

ती व्यवस्था आपल्या मराठी माणसानेच घालून दिली आहे. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. लहानपणी दारूच्या फटाक्याने त्यांची दृष्टी गेलेली. गरिबांची मुले फी देऊ शकत नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि 'उपदेशक वर्ग' सुरू केला. या वर्गातील मुलांना शिक्षण, राहणे, जेवण, सारे विद्यालयाकडून. त्याबदली त्यांनी ठराविक वर्षे राहायचा करार करायचा आणि शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवायचे. फुकट कोणी खात नव्हते आणि पैशावाचून कोणी परतही जात नव्हते. या शिष्यमंडळींतील ओंकारनाथ ठाकूर १९१६ साली, विशीतही नसताना, लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख झाले. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. एकाला शिकवले, त्याने शेकडो शिकवले.

त्याच पलुसकरांच्या चरित्रात एक धोक्याची सूचनाही आहे. मुंबईला त्यांनी विद्यालयाची मोठी इमारत कर्ज काढून बांधली. कर्ज फिटले नाही आणि इमारतीचा लिलाव झाला. इमारत गेली, पण शिकवलेली माणसे उरली आणि त्यांनीच १९३१ साली बुवांच्या पश्चात गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच मंडळाच्या परीक्षा आज आपल्या मुली देतात. म्हणून मला वाटते, पैसा आधी माणसात घालावा, विटांत नंतर.

कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' ही रीत तर आपल्या घराघरांत माहीत आहे. रयत शिक्षण संस्था १९१९ साली निघाली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. त्यांच्याच नावाची कमवा आणि शिका योजना पुणे विद्यापीठात आहे. गरजू मुले-मुली ग्रंथालयात, कचेरीत, बागेत काही तास काम करतात आणि तासांप्रमाणे पैसे मिळवतात. आमच्या पुतणीच्या मैत्रिणी ते काम करतात. काम चांगलेच आहे, पण गाणाऱ्या मुलीला तिच्या विद्येतलेच काम मिळाले तर कमाईबरोबर रियाजही होतो.

अमेरिकेतील विद्यापीठांत नेमके हेच करतात, असे पुतणीने सांगितले. तिकडे त्याला असिस्टंटशिप म्हणतात. पदवीनंतर पुढे शिकणारा संगीताचा विद्यार्थी आठवड्यातून काही तास, पुष्कळ ठिकाणी वीस तासांपर्यंत, खालच्या वर्गांना शिकवतो, गाणाऱ्यांना पियानोची साथ करतो किंवा वाद्यवृंदाची व्यवस्था पाहतो. त्याबदली त्याची फी पूर्ण किंवा काही अंशी माफ होते आणि वर महिन्याचे वेतन मिळते. सर्वांनाच मिळते असे नाही. गाणे-वाजवणे ऐकून निवड करतात. मला तर हा पलुसकरांचा उपदेशक वर्गच वाटला!

आपल्या विद्यापीठांत एम.ए.पर्यंत ही रीत अजून फारशी रुजलेली नाही. पण सरकारी शिष्यवृत्त्या आहेत आणि त्या माहीत नसल्यामुळे हातच्या जातात. म्हणून नीट सांगते, मुलींच्या आयांनी लिहून घ्यावे.

मुलगी १० ते १४ वर्षांची असेल तर सी.सी.आर.टी. या केंद्र सरकारच्या संस्थेची शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ३,६०० रुपये आणि गुरूला दिलेली फी ९,००० रुपयांपर्यंत परत मिळते. १८ ते २५ वर्षांच्या तरुण कलावंतांसाठी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. तीत दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात. दोन्हींसाठी गाऊन दाखवावे लागते. एम.ए. झाल्यावर संशोधन करायचे असेल तर नेट ही परीक्षा संगीत विषयातही देता येते. तीत वरच्या गुणांनी जे.आर.एफ. मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. हा दर जानेवारी २०२३ पासूनचा आहे. अर्जापूर्वी त्या वर्षीचे नियम मात्र वाचून घ्यावेत. तारीख एकदा गेली की वर्ष गेले.

शिकायला जागाही लांब नाहीत. पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. तेथे गुरुकुल पद्धतीने संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवतात. कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठातही संगीत शिकता येते. डॉ. प्रभा अत्रे यांनी त्या विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुखपद सांभाळले.

परंतु वर सांगितलेल्या वयांकडे पुन्हा पाहा. चौदा आणि अठरा यांच्यामध्ये चार वर्षे मोकळी राहतात. चौदाच्या आत ज्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली नाही, तिला या काळात विचारणारे कोणी नाही. आपल्या मुलींचे गाणे सुटते ते नेमके याच वयात. विद्यापीठाच्या दारापर्यंत ती पोचलीच नाही, तर पुढच्या शिष्यवृत्त्या काय कामाच्या? हे मधले अंतर सरकार भरील तेव्हा भरो, आपल्या मंडळाने का भरू नये?

माझी सूचना साधी आहे. वाडीतील जी मुलगी प्रवेशिका पूर्ण होऊन पुढे शिकत असेल, तिला मंडळाने लहान मुलींना गाणे शिकवायला नेमावे. आठवड्यातून दोन संध्याकाळ, मंडळाच्याच खोलीत. त्याबदली तिला दरमहा मानधन आणि वर परीक्षेची फी द्यावी. पन्नास घरांनी महिन्याला तीस रुपये दिले तर दीड हजार होतात, म्हणजे वर्षाचे अठरा हजार. संक्रांतीच्या वाणाचे डबे आणि वाट्या ठेवायला आता आपल्या फळीवर जागा नाही. एक वर्ष वाण न लुटता ते पैसे या कामी घालू. संक्रांत काही रुसायची नाही!

मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. दोन संध्याकाळींपेक्षा जास्त काम तिला सांगू नये, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी द्यावी. शिकवण्याच्या भरात तिचाच रियाज बुडाला तर सारे व्यर्थ. मानधन तिच्या स्वतःच्या हाती द्यावे. आणि "आपलीच पोर आहे, म्हणेल की दोन भजने," असे म्हणून तिला दर पूजेला फुकट बोलावू नये. बाहेरच्या तबलजीला आपण पाकीट देतो आणि घरच्या मुलीला नारळ देतो. ही रीत आपण बायकांनीच मोडली पाहिजे. हिशेब दरवर्षी या सभेत वाचावा.

कोणी म्हणतील, मुलगी लग्न होऊन गेली की पैसे वाया. का बरे? इंदापूरला गेली तर इंदापूरच्या मुली शिकतील. आणि पोटाचे म्हणाल, तर मैफलीवर थोड्यांचेच पोट भरते, हे मी कबूल करते. पण शाळेत, क्लासमध्ये शिकवून आणि साथ करून पुष्कळजणी घराला हातभार लावतात. शिकवायची सवय तिला येथेच लागेल.

तेव्हा ही सूचना आजच्या सभेने मंजूर करावी आणि पहिले तीस रुपये माझे लिहून घ्यावेत, अशी विनंती करते.  रामकृष्ण हरी.