मळलेली वाट



हिब्रू बायबलात वाटेला ‘देरेख’ म्हणतात. वागण्याची रीत तीही ‘देरेख’च. मूळ धातू तुडवण्याचा. द्राक्षे तुडवणेही त्यातलेच. आपल्याकडे बैल कणसे तुडवतात ती मळणी, माणसे तुडवतात ती मळलेली वाट.

हा शब्द ज्यांच्या धर्मग्रंथातला, ते बेने इस्राएल कोकणात तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ती वाट कायद्याने नव्हे, पिढ्यान् पिढ्या पाळून पडली. आम्ही रत्नागिरीकर ज्या मुंबईच्या गिरण्यांत राबलो, तिथे रविवारची सुट्टी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मिळाली.

वहिवाट चालू तोवर हक्क. सुट्टीदिवशी जादा कामाला होकार देताना आम्ही कामगारांनी ध्यानात ठेवावे : रान माजायला एक पावसाळा पुरतो.