पांढरीचा पत्ता
(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितले, "निवृत्तीनंतर काय करतोस ते दहा मिनिटांत सांग." नोकरीत असताना कालवे आणि बंधारे केले. आता जुनी गावे शोधतो. दोन्हीचे मूळ आपल्या नववीच्या वर्गात आहे. भूगोलाचे सर आपल्याकडून समोच्च रेषांचा नकाशा काढून घेत. रेषा जवळजवळ असतील तर चढ उभा, लांबलांब असतील तर सपाटी. तेव्हा ते मार्कांपुरते पाठ केले. आज सर समोर बसले आहेत, म्हणून कबूल करतो की मला ते आता साठीनंतर खरे कळते आहे.

आधी पांढरी म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. शेकडो वर्षे माणसे एका जागी राहिली की राख, शेण, पडक्या भिंतींची माती आणि फुटकी खापरे साचतात आणि त्यांचे टेकाड होते. गाव उठून गेले तरी टेकाड राहते. आपल्या नाशिकच्या जुन्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. त्याच मोहिमेत संगमनेरजवळच्या जोर्व्यालाही खोदकाम झाले आणि तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकरी वस्त्यांच्या संस्कृतीला 'जोर्वे' हे नाव मिळाले. हे सगळे अशाच टेकाडांतून निघाले.

पण ही पांढरी माती शेताला चांगली, म्हणून ती गाडीने नेऊन रानात टाकायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. बैलगाडी होती तोवर टेकाड संपायला दोन पिढ्या लागत. आता जेसीबी आला की आठवड्यात काम उरकते. निफाड तालुक्यातल्या माझ्या आजोळी असे एक टेकाड होते. लहानपणी त्यावरून आम्ही घसरगुंडी करायचो आणि खापरांच्या टिकऱ्या करून खेळायचो. निवृत्तीनंतर ते मोजायला म्हणून गेलो, तर तिथे द्राक्षबाग. ते कुठे होते, केवढे होते, याची एक ओळही कुणी लिहून ठेवलेली नव्हती. मीसुद्धा नाही. त्या दिवसापासून हे काम सुरू झाले.

यासाठी लागणारे नकाशे आज फुकट मिळतात. पूर्वी टोपोशीट विकत आणावे लागे. २०१७ साली भारतीय सर्वेक्षण विभागाला २५० वर्षे झाली, तेव्हा 'नक्षे' हे संकेतस्थळ निघाले आणि ५० हजारास एक या प्रमाणाचे नकाशे नागरिकांना नोंदणी करून मोफत उतरवून घेता येऊ लागले. ओढे, विहिरी, पायवाटा, देवळे आणि समोच्च रेषा, सगळे त्यात असते. इस्रोच्या 'भुवन'वर उपग्रहचित्रे आहेत, आणि कार्टोसॅट-१ या उपग्रहाने घेतलेल्या जोडचित्रांवरून तयार केलेली उंचीची माहितीही आहे.

उंचीची माहिती म्हणजे काय? जमिनीवर चौकटीची वही अंथरली आहे असे समजा. प्रत्येक चौकटीत एकच आकडा, त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' हे अवकाशयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरले आणि त्याने रडारने जगाच्या बहुतेक जमिनीची अशी वही भरली. भारतासाठी आधी ९० मीटरची चौकट खुली होती. २०१४ पासून टप्प्याटप्प्याने ३० मीटरची खुली झाली. आपल्या हिशेबात सांगायचे तर ९० मीटरची चौकट म्हणजे दोन एकर आणि ३० मीटरची म्हणजे सुमारे नऊ गुंठे. युरोपची 'कोपर्निकस' नावाची ३० मीटरची वही त्यानंतरची आहे, आणि माझ्या अनुभवात आपल्या भागासाठी ती जास्त स्वच्छ आहे. 'ओपन टोपोग्राफी' या संकेतस्थळावर दोन्ही मिळतात. उघडायला 'क्यूजीआयएस' हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. त्यात डोंगरांना सावली देता येते, हवा तिथला आडवा छेद काढता येतो.

इथे एक गंमत सांगतो. मी पहिल्यांदा तुकडा उतरवला तेव्हा त्यात रामकुंड होते, दिंडोरी होती, सप्तशृंगगड होता. पण नाशिकरोड, सिन्नर आणि पांडवलेणी गायब! दोन दिवस डोके खाजवले. मग लक्षात आले की २० अंश उत्तर ही अक्षांशरेषा आपल्या शहराच्या मधून जाते. हे तुकडे एकेका अंशाचे असतात, त्यामुळे नाशिकला दोन तुकडे घेऊन जोडावे लागतात. जुन्या टोपोशीटचेही तेच. पंचवटी एका कागदावर, नाशिकरोड दुसऱ्या. शिवाय जुने कागदी नकाशे एव्हरेस्ट यांच्या गणितावर बेतलेले आहेत आणि उपग्रहाची माहिती आजच्या जागतिक मापावर. दोन्ही तसेच एकमेकांवर ठेवले तर आपल्याकडे शंभरेक मीटरचा फरक पडतो. जुने टेकाड शेजाऱ्याच्या शेतात जाते!

या माहितीचा उपयोग वाटा शोधायला फार होतो. पांडवलेण्यांतल्या उषवदाताच्या लेखांत गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे सोपारा, यांची नावे आहेत. बंदरावरचा माल घाट चढून इकडे कसा येत असेल? कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना रेल्वेला ३७ फुटांना एक फूट चढ आहे आणि मागून जादा इंजिने लावावी लागतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. लादलेला बैल कुठून चढला असेल? कमीत कमी दमछाकीची वाट संगणक उंचीच्या आकड्यांवरून काढून देतो. पण त्या वाटेवर पाण्याचे टाके, वीरगळ किंवा खापरे सापडली तरच तिला काही अर्थ.

कारण आकड्यांवर भाळून माझी फजिती झालेली आहे. एकदा पडद्यावर काळ्या रानात छान गोल उंचवटा दिसला. आपल्या तुकडीतल्या एका मित्राला घेऊन मोठ्या उत्साहाने गेलो. शेतात एक म्हातारे बाबा भेटले. आमचा नकाशा पाहून हसले.

"आवो साहेब, ही तर आमच्या पणज्यानं लावलेली आमराई. पांढरी तिकडं व्हती, वढ्याच्या अंगाला."

अवकाशयानाच्या रडारला दाट झाडीखालची जमीन दिसत नाही, ते झाडांचे शेंडेच मोजते. त्यात उंचीत १६ मीटरपर्यंत चूक धरूनच ती मोहीम आखलेली होती. चार मीटरचे टेकाड त्यात हरवून जाऊ शकते. बाबांनी दाखवलेल्या जागी मात्र बांधाला खापरे पडलेली होती. ती जागा कुठल्याच आकड्यात दिसत नव्हती.

दुसरी अडचण धरणांची. गंगापूर परिसरात सांकलियांना अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली. ते धरण १९६५ साली पूर्ण झाले. २००० सालच्या रडारला तिथे फक्त पाण्याची सपाटी दिसली. पाण्याखालचे रान पाहायचे तर जुन्या कागदाकडेच जावे लागते. अमेरिकेच्या 'कोरोना' या हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. 'अर्थ एक्सप्लोरर' या संकेतस्थळावर त्यांतली आधीच स्कॅन झालेली फुकट मिळतात, बाकीच्यांना स्कॅनचे पैसे पडतात. अशाच एका छायाचित्रात मला माझ्या आजोळचा मळा सापडला. काळ्या रानात ओढ्याच्या वळणावर एक फिकट ठिपका. आमचे टेकाड. निदान त्याचा पत्ता आता लिहून झाला आहे.

मित्रहो, तुमच्याकडे माझे मागणे एवढेच आहे. आपल्यातले निम्मे अजून गावाशी बांधलेले आहेत. गावी गेलात की घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, पांढरी कुठे होती? बेचिराख गाव कुठले? जागेवर उभे राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा, चार दिशांनी फोटो काढा, कुणी सांगितले आणि कधी ते लिहा. खोदू नका. खापर उचलून घरी आणू नका, कारण जागेवरून हलले की ते मुके होते. आणि नेमका पत्ता व्हॉट्सॲपवर टाकू नका, गुप्तधनवाले तिथे आपल्या आधी पोचतील. नोंद राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. नकाशावर बसवायला मी आहे. सध्याच्या नववी-दहावीच्या मुलांना शिकवायलाही तयार आहे, मुख्याध्यापकांनी एक शनिवार द्यावा.

नकाशे आता कुठे जात नाहीत. म्हातारी माणसे आणि पांढरी मात्र आपल्यासाठी थांबणार नाहीत.

सर, त्या नववीच्या नकाशाला तुम्ही मला दहापैकी चार दिले होते. शेरा होता, "रेषा एकमेकींना छेदत नाहीत!" आता नाही छेदत, सर.