रमाबाईंना ऐकू कमी येत होतं
(वाशिम जिल्ह्यातल्या केनवड येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आजचा विषय आहे, अडचणींनी वेढलेल्या जगण्यात ख्रिस्ती माणसाला आपलं प्रयोजन कसं सापडतं. मी तो पंडिता रमाबाईंच्या आधारानं मांडणार आहे.

1882 साली पुण्यात शिक्षणविषयक हंटर आयोगासमोर रमाबाईंनी साक्ष दिली. बायकांना बाई डॉक्टर हवी, त्यासाठी मुलींना वैद्यकीचं शिक्षण द्या, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षी त्यांचे पती बिपिन बिहारी मेधावी वारले होते. आईवडील आणि बहीण दुष्काळानं आधीच नेली होती, भाऊही गेला होता. पुढच्या वर्षी चिमुकल्या लेकीला, मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, स्वतः डॉक्टर व्हायला. तिथं लक्षात आलं की कान साथ देत नाहीत. डॉक्टरकी सुटली.

सप्टेंबर 1883 मध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देवानं त्यांचे कान बरे केले नाहीत, आणि त्यांनीही त्यासाठी श्रद्धा सोडली नाही. चेल्टनहॅमला शिकल्या, शिकवू लागल्या. 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या आणि फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत समजून घेतली. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडलं. दवाखान्याऐवजी शाळा झाली.

पण हीच बाई वैधव्याच्या बाबतीत गप्प बसली नाही. केशवपन, अंधारी खोली, अर्धपोटी राहणं हे तुझं नशीब आहे, असं विधवेला सांगणाऱ्यांशी ती भांडली. 1893 मध्ये सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या वादात रानडे-भांडारकरांसारखी मंडळी सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. तरी सदन चालूच राहिलं.

माझं म्हणणं इथंच आहे. बहिरेपण रमाबाईंनी स्वीकारलं, वैधव्याचे जाच नाकारले. दोन्ही बंधनंच होती. पण एक शरीराचं होतं, दुसरं माणसांनी घातलेलं. प्रेषित पौलाच्या देहातला काटा, म्हणजे त्याला सतावणारा त्रास, देवानं काढला नाही, हे आपण ख्रिस्ती मंडळीत वारंवार ऐकतो. ऐकावंच. पण तो दाखला देऊन मार खाणाऱ्या बाईला ‘सहन कर, देवाची इच्छा’ असं सांगणं मला पाप वाटतं. येशूनं वाकलेल्या बाईला शब्बाथाच्या, म्हणजे विश्रामाच्या दिवशीही सरळ उभं केलं, थांब म्हणून सांगितलं नाही.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली गोळा करून घेऊन आल्या. भूक त्यांनी स्वतः भोगली होती, त्यामुळे त्या मुलींकडे पाहताना त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. दौंडजवळ केडगावला ‘मुक्ती’ सदन उभं राहिलं. तिथं शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. अंध मुलींसाठी ‘बार्तिमी सदन’ होतं. मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या आणि त्यांनी मुलींना वाचायला शिकवलं. डोळे नसलेल्या मुलीनंही काही तरी शिकावं, आपल्या हातानं करावं, हा आग्रह होता. नुसती दया करून त्या घराचं भागत नव्हतं.

उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवत बसल्या. मुक्तीच्या मुलींनीच छपाईचे खिळे जुळवले. 1921 मध्ये मनोरमा गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या.

हे सगळं केडगावचं झालं. आपल्या वाशिमातही नाझरीन मिशनचा दवाखाना 1938 मध्ये ऑर्फा स्पाइकर या बाई डॉक्टरनं सुरू केला. रमाबाईंनी आयोगासमोर मागितलेली बाई डॉक्टर आपल्या भागाला अशी मिळाली.

आता केनवडचं बोलतो. कर्जापायी नवरा गमावलेल्या बायका आपल्या वऱ्हाडात गावोगाव आहेत. सोयाबीन-तुरीचं रान त्या कसतात, पण सातबाऱ्यावर नाव दिराचं किंवा सासऱ्याचं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा पत्नी पहिल्या वर्गाची वारस आहे. तेव्हा माझी विनंती एवढीच: प्रार्थना करणाऱ्यांनी प्रार्थना करावी, आणि उद्या सकाळी तुमच्या गल्लीतल्या अशा एका बहिणीसोबत वारस नोंदीचा अर्ज घेऊन तलाठ्याकडे जावं.