घरच्या घरी रक्तदाब मोजताना

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



रक्तदाब मोजण्याचे यंत्र आता आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कपाटात आहे. परंतु यंत्र घरी आले म्हणजे आकडा खरा आला, असे नव्हे. खोट्या आकड्यावरून गोळी वाढली तर उठताना भोवळ येते, पडून हाड मोडते. आणि खोट्या आकड्यावर निर्धास्त राहिले तर पुढे मेंदू, हृदय, मूत्रपिंडे यांना ते भोवते.

इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली दंडाला पट्टा बांधून, पारा किती मिलिमीटर चढतो त्यावरून दाब मोजला. आजच्या यंत्रात पारा नाही; माप मात्र तेच आहे.

पट्टा उघड्या दंडावर बांधावा. घट्ट पोलक्याची बाही वर सरकवली की तिचाच दुसरा पट्टा होतो! सैल बाहीचे काही घालून बसावे. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्यावा, लहान पट्ट्याने आकडा उगाच वाढतो. हात टेबलावर, खाली उशी घेऊन, हृदयाच्या पातळीला ठेवावा. तो दहा सेंटिमीटर खाली राहिला तरी सात-आठ अंक जास्त दिसतात.

झोपाळ्यावर बसून मोजणाऱ्या एक काकू माझ्या पाहण्यात आहेत. पाय अधांतरी, पाठीला टेकू नाही, हात मांडीवर, आणि तोंडाने सुनेला फोडणीच्या सूचना! त्या आकड्यात रक्तदाब किती आणि फोडणी किती, हे डॉक्टरांनी कसे ओळखावे?

तेव्हा खुर्चीला पाठ टेकावी, पावले जमिनीवर, पायावर पाय नको. आधी अर्धा तास चहा नको, लघवीला जाऊन यावे आणि पाच मिनिटे गप्प बसावे. (हेच सर्वांत कठीण!)

सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. काहीजणी मनाजोगता आकडा येईपर्यंत मोजत राहतात व तेवढाच लिहितात. ती वही डॉक्टरांना दाखवून काय उपयोग? सात दिवस लिहून, पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. घरची सरासरी १३५ वर ८५ किंवा त्याहून अधिक असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे, गोळी आपल्या मनाने बदलू नये. १८० वर १२० च्या पुढे आकडा गेला तर थोडे थांबून पुन्हा मोजावे. तो तितकाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मात्र छातीत दुखणे, धाप, हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही असेल तर मोजत न बसता रुग्णालय गाठावे.

बाहेरच्या खोलीत यंत्र मांडले आहे. ज्यांना मोजून पाहावयाचे आहे त्यांनी आधी तिकडे जावे. चहा त्यानंतर आहे.