व्याजाची चवली-पावली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी हिशेबाचा विषय कोणास रुक्ष वाटेल. परंतु आपल्या विठ्ठलवाडीत पूर्वी डाळीच्या डब्यात राहणारा पैसा आता बँकेत, पोस्टात आणि पतपेढीत गेला आहे. पुस्तकावर नाव आपले, सही आपली. मग त्याचा अर्थही आपणच जाणून घ्यायला हवा.

पहिला गैरसमज असा की, बँकेने कर कापला नाही म्हणजे व्याज दाखवायला नको. एप्रिल २०२५ पासून एका बँकेतील ठेवींचे वर्षाचे व्याज ५०,००० रुपयांवर गेले तर बँक कर कापते. साठी गाठलेल्यांना ही मर्यादा १ लाख आहे. पण ही मर्यादा कापण्याची, दाखवण्याची नव्हे! विवरणपत्र भरणाऱ्याने चारशे रुपयांचे व्याजदेखील त्यात लिहिले पाहिजे. जुन्या करपद्धतीत बचत खात्याच्या व्याजावर १०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, ज्येष्ठांना ठेवींसह ५०,००० पर्यंत. तीही आधी व्याज मांडून मगच वजा करायची. नव्या पद्धतीत ही वजावट नाही. सुकन्या समृद्धीचे व्याज करमुक्त आहे. २०२३ ते मार्च २०२५ या काळात आपल्यापैकी कोणी महिला सन्मान बचत पत्र घेतले असेल, तर त्याचे व्याज मात्र करपात्र आहे.

दुसरा प्रश्न नावाचा. पतीने पत्नीला बक्षीस दिलेल्या रकमेची ठेव तिच्या नावे असली, तरी तिचे व्याज पतीच्या उत्पन्नात धरतात. अज्ञान मुलाच्या ठेवीचे व्याज आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्याकडे जाते. मात्र आपल्या कमाईचे किंवा आईवडिलांनी दिलेल्या पैशाचे व्याज आपलेच, आणि ते आपल्याच नावाने मांडायचे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा रकमेकडे कोण पाहतो? बँका आणि पोस्ट व्याजाची माहिती आयकर खात्याला कळवतात. २०२१ पासून ती वार्षिक माहिती विवरणात आपल्यालाही पाहता येते. ताळमेळ बसला नाही की विचारणा येते. उलट, उत्पन्न करपात्र नसताना कर कापला गेला असेल, तर विवरणपत्र भरल्यावाचून तो परत मिळत नाही. कित्येक विधवा भगिनींचे हक्काचे पैसे असेच पडून राहतात.

म्हणून मार्चअखेर एक वही करा. खाते कोणाचे, पैसा कोणाचा, व्याज किती, कर किती कापला, एवढे चार रकाने पुरेत. पतिराज किंवा मुलगा विवरणपत्र भरीत असतील, तर शेजारी बसा आणि विचारा. संकट सांगून येत नाही. त्या दिवशी कागद कोठे आहेत हे बाईला ठाऊक असले, तर तिला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.