लिलावातील यंत्राची खरी किंमत



१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. महामंडळाच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक म्हणजे ठाण्याची वागळे वसाहत. पुढे डोंबिवलीचा परिसरही कारखान्यांनी गजबजून गेला. वागळे वसाहतीत जेथे एके काळी लेथ आणि प्रेस यांचा आवाज घुमत असे, तेथे आता अनेक ठिकाणी काचेच्या कार्यालयीन इमारती उभ्या आहेत. कारखाना बंद झाला तरी त्यातील यंत्रे सगळीच भंगारात जात नाहीत. त्यांचा लिलाव होतो आणि कल्याण-डोंबिवलीतील एखाद्या लहानशा गाळ्यात त्यांचे दुसरे आयुष्य सुरू होते. नव्या यंत्राची किंमत न झेपणाऱ्या लघुउद्योजकाला हा मार्ग उपकारक आहे, यात शंका नाही. मात्र लिलावात शेवटी पुकारला जाणारा आकडा ही त्या यंत्राची पूर्ण किंमत नव्हे.

लिलाव कोण करतो, हे आधी पाहावे. तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या कायद्याने मिळाला. दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीची विक्री २०१६ च्या संहितेनुसार अवसायक करतो. सरकारी खात्यांची व उपक्रमांची जुनी यंत्रसामग्री बहुधा १९६४ मध्ये स्थापन झालेल्या एमएसटीसी या केंद्रीय उपक्रमामार्फत विकली जाते. लाकडी हातोडा आता जवळजवळ इतिहासजमा झाला असून बोली संगणकाच्या पडद्यावर लागते. त्यामुळे माल न पाहताच बोली लावण्याचा मोह वाढला आहे, हे मात्र खेदाने नमूद करावे लागते.

या सर्व लिलावांत एक अट समान असते : 'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे.' यंत्र उचलून नेल्यावर दोष आढळला, तर विकणाऱ्याकडे दाद मागण्यास फारशी जागा उरत नाही. म्हणूनच पाहणीचा दिवस हा बोलीच्या दिवसाहून महत्त्वाचा.

लेथचेच उदाहरण घ्या. नवा रंग डोळ्यांना फसवतो, परंतु बेड फसवत नाही. बहुतेक काम चकाजवळ होत असल्याने बेडची झीज तेथे सर्वाधिक असते. सॅडल चकाजवळ आणून घट्ट बसवावे व हळूहळू दुसऱ्या टोकाकडे सरकवून पाहावे. ते वाटेत अडकू लागले, तर चकाजवळचा बेड खाली गेला आहे असे समजावे. पॉवर प्रेस पाहताना सांगाड्याच्या आतल्या वळणावर चिरा आहेत काय, ओतीव लोखंडावर जुने वेल्डिंग आहे काय, हे बॅटरीच्या उजेडात तपासावे. जुन्या प्रेसमधील काही क्लच असे असतात की, एकदा पायपट्टी दाबल्यावर पूर्ण फेरी झाल्याखेरीज प्रेस थांबत नाही. अशा प्रेसवरील संरक्षक जाळी लिलावापूर्वीच नाहीशी झालेली असेल, तर ती बसविण्याचा खर्च बोलीत धरलाच पाहिजे. तेथे कामगाराची बोटे पणाला लागलेली असतात. संगणकनियंत्रित यंत्राची गोष्ट आणखी निराळी. कारखाना दीर्घकाळ वीजविरहित राहिला की नियंत्रकातील लहानशी बॅटरी संपते आणि तिच्यावर जपलेली मापांची माहिती पुसली जाते. तिची प्रत कागदपत्रांत नसेल, तर यंत्र धडधाकट असूनही मुके ठरते. बंद कारखान्यातून तांब्याची केबल सर्वांत आधी चोरीस जाते, हेही विसरू नये.

बाष्पकाच्या बाबतीत तडजोड नाही. नोंदणी व तपासणी यांची कागदपत्रे नसलेला बाष्पक स्वस्त असला तरी भंगाराच्याच भावाचा समजावा. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात झालेला स्फोट या परिसराच्या स्मरणात ताजा आहे. दाबाखाली चालणाऱ्या प्रत्येक पात्राकडे तेथील उद्योजकाने अधिक सावध नजरेने पाहावे, हे स्वाभाविकच आहे.

आता हिशेब. बोलीवर वस्तू व सेवा कर, हायड्रा व ट्रेलरचे भाडे, नवा पाया, मुदतीत माल न उचलल्यास पडणारे जागाभाडे, या रकमा बोलीपूर्वीच कागदावर मांडाव्यात. शिवाय कल्याण-शीळ रस्त्यासारख्या मार्गांवर अवजड वाहनांना मनाईच्या वेळा असल्यास उचल रात्रीच करावी लागते. कारखान्याची जागा यंत्रांसह विकली जात असेल, तर २००२ च्या नियमांप्रमाणे किमतीचा चौथा हिस्सा त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावा लागतो. पूर्वीच्या मालकाची वीजथकबाकीही डोळ्यांआड करून चालणार नाही. वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असल्यास नवी जोडणी देताना लिलावातील खरेदीदाराकडून ती मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये दिला आहे.

या व्यवहाराला आणखी एक बाजू आहे. काही खरेदीदार संगनमत करून बोली दाबून ठेवतात आणि त्याला व्यवहारचातुर्य म्हणतात. कमी आलेली किंमत केवळ बँकेच्या खात्यातून वजा होत नाही. १९८५ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात कामगारांच्या देण्यांना तारणधारक धनकोंच्या बरोबरीचे स्थान मिळाले. २०१६ च्या संहितेतही अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांच्या देण्यांपुरते ते राखले गेले. आंबिवलीजवळ मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. तेथील कामगारांच्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे चालू राहिला. दाबलेल्या बोलीतून जे वाचते, त्यातला काही भाग अशाच एखाद्या घरातला असतो.

आणि त्याच घरात बहुधा त्या यंत्राचा खरा जाणकारही असतो. बयाणा भरण्यापूर्वी बंद कारखान्यातला एखादा जुना फिटर शोधावा व पाहणीला सोबत न्यावा. कोणत्या यंत्राचा गिअर कधी बदलला, कोणते यंत्र पावसाळ्यात पाण्याखाली होते, हे कोणत्याही मूल्यांकन अहवालाहून त्याला अधिक ठाऊक असते. त्या सकाळची त्याची मजुरी मात्र त्याच दिवशी हातावर ठेवावी. त्याची जुनी थकबाकी अजून यायचीच असेल.