सोळा बिटांत न मावलेला वेग
४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून ‘एरियान ५’ रॉकेट पहिल्यांदाच झेपावलं आणि चाळीसेक सेकंदांत आकाशातच फुटलं. इंजिनात दोष नव्हता. रॉकेटची स्थिती मोजणारं सॉफ्टवेअर मात्र ‘एरियान ४’वरून जसंच्या तसं उचललेलं. नव्या रॉकेटचा आडवा वेग बराच जास्त; त्याच्याशी निगडित आकडा सोळा बिटांत, म्हणजे ३२,७६७ पर्यंत, मावेना. हा हिशेब करणारा मुख्य संगणक थांबला. राखीव तर त्याच कारणाने क्षणभर आधीच थांबला होता. हळहळ याची वाटते, की तो हिशेब उड्डाणानंतर लागतच नव्हता! प्रोग्रामरने आपली मर्यादा रॉकेटच्या अभियंत्यापुढे ठेवली असती, तर उत्तर कागदावरही निघालं असतं. चौकशीत आढळलं, की ‘एरियान ५’चा उड्डाणमार्ग त्या सॉफ्टवेअरच्या अपेक्षांमध्ये लिहिलेलाच नव्हता.